खेळ घडवणारे आणि खेळात राहणारे

आजचा विषय वाचून काही जणांना नवल वाटलं असेल. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, मग व्हिडिओ गेमवर बोलायला कसे आलो? पण प्रश्न जुनाच आहे. एखादी वस्तू एकाने बनवली आणि वापरतो दुसराच, तर तिच्याबद्दल शेवटचा शब्द कोणाचा? गेम बनवणाऱ्यांनी खेळणाऱ्यांचं ऐकावं का, हा त्याच प्रश्नाचा आजचा अवतार. या अवताराचा एक फायदा आहे. इथे गेल्या पंचवीस वर्षांत प्रत्यक्ष प्रयोग झालेले आहेत. लाखो लोकांना न विचारता बदल केले गेले, विचारून केले गेले, मतदान झालं, प्रतिनिधी निवडले गेले. काय केलं आणि काय झालं, हे तारखांसकट बघता येतं. आज आपण तेच बघू.

आधी एक साधा फरक लक्षात घेऊ. विटीदांडूला निर्माता नाही. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये 'एक टप्पा आउट' हा नियम कोणी केला, हे कोणालाच सांगता येणार नाही. जागा अपुरी होती, चेंडू शेजारच्यांच्या खिडकीवर जायचा, म्हणून मुलांनी नियम केला. नको झाला की मोडला. नियम करणारे तेच, पाळणारेही तेच. संगणकावरच्या खेळात मात्र नियम प्रोग्राममध्ये असतो आणि प्रोग्राम कंपनीच्या सर्व्हरवर. रात्री झोपताना खेळ एक होता, सकाळी उठून पाहावं तर दुसराच. खेळणाऱ्यांनी काहीच केलेलं नाही, तरी नियम बदललेला. खेळाच्या एवढ्या लांब इतिहासात ही परिस्थिती नवी आहे.

आता दोन जुनी माणसं आठवू. प्लेटोने 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात बासरीचं उदाहरण दिलं आहे. बासरी चांगली की वाईट, हे ती वाजवणाऱ्याला कळतं. बनवणाऱ्याने वाजवणाऱ्याचं ऐकावं आणि त्याच्यावर विश्वास ठेवून काम करावं, असं तो म्हणतो. अ‍ॅरिस्टॉटल 'पॉलिटिक्स'च्या तिसऱ्या भागात हाच मुद्दा घराबद्दल मांडतो. घराची पारख बांधणाऱ्यापेक्षा त्यात राहणाऱ्याला जास्त असते, आणि जेवण कसं झालं हे आचाऱ्यापेक्षा पाहुणा बरं सांगतो.

बघा, दोघेही वापरणाऱ्याच्या बाजूने आहेत. पण दोघांचा वापरणारा एक नाही. प्लेटोचा माणूस बासरीवादक आहे, म्हणजे जाणकार. अ‍ॅरिस्टॉटलचा पाहुणा कोणीही असू शकतो. पंगतीला बसलेला प्रत्येक जण. खेळाडूंचं ऐकायचं म्हटलं की हाच पेच येतो. कसलेल्या शंभरांचं ऐकायचं, की पंगतीतल्या लाखांचं?

आता इतिहासाकडे वळू. पहिलं उदाहरण 'रूनस्केप'चं. इंग्लंडमध्ये गोवर बंधूंनी हा खेळ उभा केला. जानेवारी २००१ मध्ये तो सुरू झाला आणि पुढे 'जॅगेक्स' कंपनीने चालवला. एकाच कल्पित जगात एकाच वेळी हजारो माणसं. कोणी मासे पकडतं, कोणी खाणीत खोदतं, कोणी लोहारकाम करतं, आणि त्या मालाची आपसात खरेदी-विक्री चालते. नकाशाच्या उत्तरेला वाइल्डरनेस नावाचा ओसाड प्रदेश. तिथे एक खेळाडू दुसऱ्यावर हल्ला करून त्याचा माल लुटू शकत असे. भीती आणि लोभ दोन्ही तिथे, म्हणून तिथे जाण्यात मजा.

डिसेंबर २००७ मध्ये कंपनीने वाइल्डरनेसमधली ही लढाई बंद केली. पाठोपाठ जानेवारी २००८ मध्ये मुक्त देवाणघेवाणही बंद झाली. दोन्ही बाजूंच्या मालाच्या किमतीत ठरावीक मर्यादेपलीकडे फरक असेल तर सौदा होणारच नाही. म्हणजे मित्राला भेट देता येईना, उसनं देता येईना. खेळाडू भडकले. खेळातल्या चौकांत त्यांच्या पात्रांची गर्दी जमली आणि निषेध सुरू झाला. पुष्कळ जण खेळ सोडून गेले.

कंपनीला वेड लागलं होतं का? नाही. खेळातलं सोनं खऱ्या पैशांत विकण्याचा धंदा बाहेर फोफावला होता. हे धंदेवाले चोरलेल्या क्रेडिट कार्डांवर सदस्यत्व घेत. मूळ कार्डधारकाने तक्रार केली की बँक कंपनीकडून पैसे परत घेई. कंपनीच्या अस्तित्वावरच बेतलं होतं. सोनं एका पात्राकडून दुसऱ्याकडे फुकट जाण्याच्या वाटा होत्या दोन, मुक्त देवाणघेवाण आणि वाइल्डरनेसमधली लूट. कंपनीने दोन्ही बुजवल्या.

इथे आमचा पहिला मुद्दा. निर्मात्याला कारण माहीत होतं, खेळाडूंना किंमत माहीत होती. कार्डांची फसवणूक कोणत्या थराला गेली आहे, हे खेळाडूला दिसणं शक्य नव्हतं. आणि भेट देणं, उसनं देणं, भीत भीत उत्तरेला जाणं यावर किती मैत्र्या आणि किती संध्याकाळी उभ्या आहेत, हे कंपनीच्या आकडेवारीत दिसत नव्हतं. दोन्हीकडे अर्धं ज्ञान होतं, आणि निर्णय एकाच अर्ध्याने घेतला.

तीन वर्षांनी कंपनीने दुसऱ्या अर्ध्याला विचारलं. २०१० च्या अखेरीस आणि २०११ च्या सुरुवातीला मतदान झालं. वाइल्डरनेस आणि मुक्त व्यापार परत आणायचा का? बारा लाखांच्या आसपास मतं पडली आणि त्यातली ९१ टक्के होकाराची होती. १ फेब्रुवारी २०११ ला दोन्ही गोष्टी परतल्या. मग काय झालं? आपोआप सोनं गोळा करणारे प्रोग्राम, ज्यांना बॉट म्हणतात, त्यांचा खेळात सुळसुळाट झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीला त्यांच्याविरुद्ध मोठी मोहीम काढावी लागली. म्हणजे निर्मात्याची भीती खोटी नव्हती. ऐकलं म्हणून संकट टळलं, असं झालेलं नाही. संकट आलं, आणि ते पत्करायला लोक आधीच तयार झालेले होते. न विचारता लादलेला त्रास आणि विचारून पत्करलेला त्रास, यात माणूस केवढा फरक करतो, हे आपल्याला घरातही कळतं.

कंपनी शहाणी झाली म्हणावं, तर नोव्हेंबर २०१२ मध्ये तिने खेळातली लढण्याची पद्धतच मुळापासून बदलली. पुन्हा तेच. माणसं पुन्हा निघून जाऊ लागली. तेव्हा, फेब्रुवारी २०१३ मध्ये, कंपनीने एक विलक्षण प्रस्ताव मांडला. खेळाची ऑगस्ट २००७ मधली एक जुनी प्रत सापडली आहे. ती पुन्हा सुरू करायची का? तारीख लक्षात घ्या. ऑगस्ट २००७, म्हणजे वाइल्डरनेस बंद होण्याच्या चारच महिने आधीची प्रत. साडेचार लाखांच्या जवळपास मतं पडली. २२ फेब्रुवारी २०१३ ला 'ओल्ड स्कूल रूनस्केप' सुरू झाला. आज हा जुना खेळ मूळ खेळापेक्षा जास्त लोक खेळतात.

पण आम्हाला त्यापुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते. या जुन्या खेळात कंपनीने नियम केला की काहीही नवं घालायचं असेल तर खेळातच सदस्यांचं मतदान घ्यायचं, आणि ७५ टक्के होकार असल्याशिवाय ते घालायचं नाही. साधं बहुमत पुरणार नाही. २०१५ मध्ये समुद्रसफरीचं नवं कौशल्य आणायचा प्रस्ताव आला. बहुतेकांना हवा होता, पण ७५ टक्के झाले नाहीत आणि तो पडला. २०१९ मध्ये आणखी एक कौशल्य सुचवलं गेलं. दोन-तृतीयांशांच्या आसपास पाठिंबा मिळाला, तरी तेही पडलं. २०२२ मध्ये मर्यादा ७० टक्क्यांवर आणली गेली. पुढे २०२३ मध्ये तीन पर्यायांतून खेळाडूंनी पुन्हा तीच समुद्रसफर निवडली, आणि ती २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये खेळात आली. कल्पनेपासून प्रत्यक्षापर्यंत दहा वर्षं.

कोणी म्हणेल, असं रांगत चालणारं जग काय कामाचं? सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत प्रत्येक ठराव असाच रखडतो. आक्षेप खरा आहे. पण दहा वर्षं ज्यांनी त्या जगात घालवली, त्यांचं काही हिरावून घ्यायचं असेल तर ते अवघड असावं, असं आम्हाला वाटतं. राज्यघटना बदलायला साधं बहुमत का पुरत नाही? त्याच कारणासाठी.

मतदानाची एक बाजू मात्र काळी आहे, ती झाकायची नाही. वाइल्डरनेसमध्ये लढणारे खेळाडू थोडे. बाकीचे तिथे फिरकतही नाहीत, उलट तिथे लुटले गेल्याचा राग मनात असतो. मग वाइल्डरनेसच्या भल्याचा प्रस्ताव आला की हे बाकीचे विरोधात मत देणार. ज्यांचं काहीच जात नव्हतं, त्यांच्या मतांनी अल्पसंख्याकांचे प्रस्ताव पडू लागले. शेवटी कंपनीने अशा लढाईचे काही बदल आणि खेळाचा समतोल राखणारे बदल मतदानाबाहेर ठेवले. बहुमताची दडपशाही हा लोकशाहीच्या विचारातला जुना विषय. तो इथे पाठ्यपुस्तकात शोभेल इतका स्वच्छ दिसतो.

दुसरं उदाहरण आइसलँडचं. रेक्याविकच्या 'सीसीपी' कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन' हा खेळ २००३ मध्ये सुरू झाला. अंतराळातली जहाजं, व्यापारी कंपन्या, आणि हजारो खेळाडूंची युद्धं. सगळे एकाच विश्वात. २००७ मध्ये उघड झालं की कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने आपल्या गटाला खेळातली मौल्यवान साधनं गैरमार्गाने दिली होती. म्हणजे पंचच एका संघाचा निघाला. नुसत्या माफीवर विश्वास परत मिळणार नव्हता. कंपनीने मग वेगळाच मार्ग काढला. २००८ मध्ये खेळाडूंनी निवडून दिलेलं एक प्रतिनिधी मंडळ स्थापन झालं, पहिल्यांदा नऊ जणांचं. या मंडळाला कंपनीच्या योजना गोपनीयतेच्या करारावर आधी दाखवल्या जातात. सदस्यांना बैठकीसाठी आइसलँडला बोलावलं जातं. त्यांना नकाराधिकार नाही, फक्त सल्ल्याचा अधिकार.

सल्ल्याला किंमत असते का, हे २०११ च्या जूनमध्ये कळलं. कंपनीने खेळात एक दुकान उघडलं. तिथे पात्राच्या डोळ्यावर लावायचा एकभिंगी चष्मा होता, किंमत खऱ्या पैशांत साठ डॉलरांच्या पुढे. त्याच वेळी कंपनीचं एक अंतर्गत वार्तापत्र बाहेर फुटलं. पैसे देऊन वरचढ होता येईल अशा वस्तू पुढे येतील का, याची त्यात चर्चा होती. पाठोपाठ कंपनीप्रमुखांचं एक अंतर्गत पत्रही बाहेर आलं. खेळाडू काय बोलतात यापेक्षा ते काय करतात याकडे बघू या, असा त्याचा आशय होता.

खेळाडूंनी काय केलं, ते बघा. खेळातल्या सर्वांत गजबजलेल्या बाजारपेठेबाहेर, जिटा नावाच्या ठिकाणी, एक स्मारक होतं. शेकडो जहाजं तिथे जमली आणि त्या स्मारकावर गोळे झाडू लागली. पुष्कळांनी वर्गणी बंद केली. कंपनीने प्रतिनिधी मंडळाला तातडीने रेक्याविकला बोलावलं. जून संपता संपता बैठक झाली, आणि युद्धात फायदा देणाऱ्या वस्तू पैशांत विकायच्या नाहीत, हे जाहीर झालं. ऑक्टोबरमध्ये कंपनीप्रमुखांनी खेळाडूंची जाहीर माफी मागितली. त्याच महिन्यात कंपनीला सुमारे एक-पंचमांश कर्मचारी कमी करावे लागले. इथे थोडं थांबायला हवं. न ऐकण्याची किंमत ज्यांनी भरली, त्यांतल्या अनेकांचा त्या निर्णयात काहीच हात नव्हता.

'बोलणं सोडा, करणं बघा' हे वाक्य मात्र फेकून देण्यासारखं नाही. माणूस तावातावाने बोलतो एक आणि करतो दुसरंच, हा आपला रोजचा अनुभव. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये याचा छान उलगडा केला. संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन मार्ग असतात, आवाज उठवणं किंवा निघून जाणं. निष्ठा असेल तर तो जाण्याआधी बराच काळ आवाज उठवत राहतो. म्हणजे भांडणारा खेळाडू हा अजून न गेलेला खेळाडू आहे. 'करणं' दिसायची वाट पाहत बसलात, तर ते दिसेल तेव्हा तो दाराबाहेर पडलेला असेल.

तिसरं उदाहरण थोडक्यात. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ २००४ मध्ये आला आणि वर्षानुवर्षं बदलत गेला. २०१३ च्या मेळाव्यात एका खेळाडूने 'ब्लिझार्ड' कंपनीच्या अधिकाऱ्यांना विचारलं की मूळ जुना खेळ परत आणणार का? उत्तराचा आशय होता, तुम्हाला तो हवा आहे असं वाटतंय, पण खरं म्हणजे नको आहे. चाहत्यांनी मग विनापरवाना सर्व्हरवर जुना खेळ चालवला. त्यातला 'नॉस्टॅलरियस' एप्रिल २०१६ मध्ये कंपनीच्या कायदेशीर इशाऱ्यानंतर बंद झाला. मागणीच्या अर्जावर दोन लाखांहून अधिक सह्या झाल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीने घोषणा केली, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये जुना खेळ अधिकृतपणे आला. पहिल्या दिवशी आत शिरायला रांगा लागल्या. माणसाची इच्छा त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त कळते, हा दावा करताना सरकारांनी, डॉक्टरांनी आणि आम्हा शिक्षकांनीही जपून राहावं.

एवढं ऐकून वाटेल की उत्तर सोपं आहे, निर्मात्याने नेहमी ऐकावं. तसं नाही. निन्तेन्दोच्या 'झेल्डा' मालिकेचं उदाहरण घेऊ. २००० मध्ये कंपनीने एका प्रदर्शनात वास्तवदर्शी चित्रांची झलक दाखवली. चाहत्यांनी ठरवून टाकलं की पुढचा खेळ असाच असणार. २००१ मध्ये खरा खेळ दाखवला गेला, 'द विंड वेकर'. तो व्यंगचित्रपटासारखा, मोठ्या डोळ्यांचा. केवढी थट्टा झाली! कंपनीने ऐकलं नाही. २००२ च्या डिसेंबरमध्ये तो जपानमध्ये आला, आणि आज मालिकेतल्या देखण्या खेळांत त्याची गणना होते. त्या दिवशी खेळाडूंचं ऐकलं असतं, तर हा खेळ झालाच नसता.

मग इथे न ऐकणं बरोबर आणि रूनस्केपमध्ये चूक, हे कसं? आमच्या मते फरक असा. विंड वेकर अजून कोणी खेळलेलाच नव्हता. चाहत्यांकडे होती ती अपेक्षा. त्यांचं काही हिरावलं जात नव्हतं. आवडला नाही तर विकत घेऊ नये, बस्स. हे नाटकासारखं आहे. नाटककाराने लिहिण्याआधी प्रेक्षकांची मतं मोजली, तर नाटक लिहून होणार नाही. रूनस्केप किंवा ईव्ह हे नाटक नव्हे, ती वस्ती आहे. बांधकाम कंपनीचं, पण बाजार, ओळखी, वैर आणि आठवणी खेळाडूंनी उभ्या केलेल्या. तिथे बदल करणं म्हणजे माणसं राहत असलेल्या घराची भिंत पाडणं. ज्याने जेवढं आयुष्य तिथे घातलं, त्याचा ऐकून घेतलं जाण्याचा हक्क तेवढा मोठा.

आणि कोणाचं, कशाबद्दल ऐकायचं? भरताने नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार करताना प्राश्निक, म्हणजे परीक्षक, सांगितले आहेत. यज्ञाचा प्रसंग असेल तर यज्ञ जाणणारा, नृत्यासाठी नर्तक, छंदासाठी छंद जाणणारा, अस्त्रांसाठी धनुर्विद्या जाणणारा, गाण्यासाठी गायक. वाद झाला तर ज्या त्या गोष्टीचा जाणकार. त्याच वेळी प्रेक्षकांचं हसू, उसासा, वाहवा हीसुद्धा तो सिद्धीची खूण मानतो. प्लेटोचा वादक आणि अ‍ॅरिस्टॉटलचा पाहुणा, दोघांना त्याने एकाच मांडवात जागा दिली. खेळातही असंच व्हावं. समतोलाच्या बारकाव्यांसाठी निवडलेले जाणकार, जसं ईव्हचं मंडळ. सर्वांचं राहणीमान बदलणाऱ्या गोष्टींसाठी सर्वांचं मतदान, जसं जुन्या रूनस्केपमध्ये. थोड्यांचा कोपरा असेल, तर त्या थोड्यांचा शब्द जास्त. आणि हे सगळं आधी ठरलेलं हवं. भांडण पेटल्यावर जो मोठ्याने ओरडेल त्याचं ऐकायचं, याला ऐकणं म्हणत नाहीत.

एक गोष्ट उरते. हे सारे हक्क कंपनीच्या मर्जीवर आहेत. दिलेलं मतदान ती उद्या काढून घेऊ शकते, जगच बंद करू शकते. 'युबीसॉफ्ट'ने 'द क्रू' हा मोटारींचा खेळ मार्च २०२४ अखेर बंद केला. पैसे मोजून घेतलेला खेळ खेळता येईनासा झाला. त्यावरून उठलेल्या चळवळीने युरोपीय संघाकडे नागरिकांचा प्रस्ताव नेला, आणि २०२५ च्या जुलैपर्यंत त्यावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. मागणी साधी आहे. खेळ बंद करायचा तर करा, पण विकत घेणाऱ्याला तो खेळता येईल अशा स्थितीत सोडून जा. म्हणजे आतापर्यंत कंपनीच्या दारात विचारला जाणारा प्रश्न आता कायद्याच्या दारात आला आहे. तिथे 'वस्ती' आणि 'वस्तू' यांतलं काय मान्य होतं, त्यावर पुष्कळ काही ठरेल.

आपण इथे थांबू. ज्यांच्या घरात ही मुलं तासन्तास असल्या जगांत वावरतात, त्यांना एकच सुचवावंसं वाटतं. पुढच्या वेळी ती एखाद्या अपडेटवर चिडलेली दिसली, तर काय गेलं म्हणून विचारा. आता प्रश्न घेऊ.